जळतं, पण कळत नाही

एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी देवळाच्या दगडी फरशीवरून चालणाऱ्यांचे पाय बघावेत. कुणी टाचांवर चालतं, कुणी चवड्यांवर, कुणी पावलाच्या कडांवर. बहुतेक जण सावलीचा पट्टा गाठेपर्यंत पळतच सुटतात. या धांदलीत एखादे काका मात्र नेहमीच्या संथ चालीने प्रदक्षिणा पूर्ण करतात. बघणाऱ्यांना वाटतं, केवढी ही श्रद्धा! श्रद्धा असेलही. पण काकांना पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह असेल आणि त्याने पायांच्या नसा गेल्या असतील, तर ती फरशी त्यांच्या तळपायाला गरम लागलेलीच नसते. संध्याकाळी मोजा ओला लागतो, तो काढला की चवड्याची कातडी फोड येऊन सुटलेली दिसते. दुखत काहीच नसतं, त्यामुळे दवाखान्यात जाणं आठवड्यावर जातं.

दुःखाचा अर्थ काय, यावर आपल्याकडे उदंड बोललं गेलं आहे. कुणी त्याला कर्माचा भोग म्हणतं, कुणी देवाने घेतलेली परीक्षा, तर कुणी वैराग्याची पहिली पायरी. त्या वाटेने मी जात नाही. शरीराच्या दुखण्याचा अर्थ पाहायचा, तर कुष्ठरोगाच्या आणि मधुमेहाच्या दवाखान्यातली जखमांची खोली सगळ्यात जास्त शिकवते, कारण दुखणं निघून गेल्यावर माणसाचं काय होतं ते तिथे रोज समोर येतं.

आधी साध्या चटक्याचं गणित बघू. कातडीचं तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसवर गेलं की तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांवरची एक विशिष्ट प्रथिनाची झडप उघडते. ही झडप शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. ती मिरचीतल्या तिखट द्रव्यानेही उघडते, म्हणून ठेचा खाल्ल्यावर तोंडाची ‘आग’ होते. आता दुसरी बाजू. ४४ अंशांच्या वस्तूला कातडी सलग सहाएक तास टेकून राहिली तर भाजते. तापमान ६० अंश असेल तर पाचेक सेकंद पुरतात. म्हणजे नुकसान जिथून सुरू होतं त्याच्या जेमतेम अलीकडे इशारा बसवलेला आहे. फार आधी बसवला असता तर उन्हात उभं राहणंही असह्य झालं असतं, आणि उशिरा बसवला असता तर इशाऱ्याला अर्थच उरला नसता.

हा इशारा दोन हप्त्यांत येतो. पातळ आवरण असलेल्या तंतूंतून तो सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने धावतो. त्यातून येणारी कळ तीक्ष्ण असते, जागा नेमकी सांगते, आणि मेंदूला कळायच्या आधीच पाठीच्या कण्याच्या पातळीवर पाय मागे खेचला जातो. आवरण नसलेल्या तंतूंचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर, त्यामुळे पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की ती दुसरी, ठणकणारी कळ सेकंदभराने पोचते. ठेच लागल्यावर ‘आता दुखणार’ असं वाटून आपण क्षणभर थबकतो, तो हाच अवकाश. पहिली कळ पाय काढायला लावते. दुसरी तासन् तास, कधी दिवसेंदिवस राहते आणि त्या पायावर भार टाकू देत नाही. पहिल्या कळेचं सगळे कौतुक करतात. दुसरीला आपण गोळी घेऊन गप्प बसवतो, पण जखम भरून येते ती तिच्या जाचामुळे.

हे सगळं काढून घेतलं तर काय होतं? कुष्ठरोगाने याचं उत्तर शतकानुशतकं दिलं, पण ते चुकीचं वाचलं गेलं. या रोगाचा जंतू हॅन्सनने १८७३ मध्ये दाखवला. त्याला शरीरातल्या थंड जागा मानवतात, म्हणून तो कातडीजवळून जाणाऱ्या नसांत घर करतो: कोपराच्या आतल्या बाजूला, मनगटाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, घोट्याच्या आतल्या बाजूला. त्या नसा गेल्या की हात, पाय आणि डोळे बधिर होतात. बोटं झडलेली माणसं बघून लोकांनीच नव्हे, डॉक्टरांनीही ठरवून टाकलं होतं की हा रोग मांस सडवतो.

हा समज मोडण्यात पॉल ब्रँड या शल्यविशारदाचा मोठा वाटा आहे. जन्म १९१४ चा, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले आणि पुढे कुष्ठरुग्णांच्या हातापायांच्या शस्त्रक्रिया करू लागले. त्यांना दिसलं की या रुग्णांच्या जखमा इतर कुणाच्याही जखमांसारख्याच भरतात, फक्त त्यांना भरायची उसंत मिळाली पाहिजे. मग बोटं जातात कुठे? त्यांनी रुग्णांच्या दिवसभराच्या हालचालींवर नजर ठेवली. गंजलेलं कुलूप त्यांना स्वतःला उघडेना, ते एका किरकोळ मुलाने किल्ली जोरात फिरवून उघडलं आणि त्याच्या बोटाचं मांस हाडापर्यंत कापलं गेलं. मुलाला पत्ताच नव्हता. काहींची बोटं रात्रीत लहान होत, त्याचा छडा लावला तर झोपेत उंदीर कुरतडत असल्याचं निघालं. औषधांबरोबर रुग्णांना मांजरंही द्यावी लागली. बोट झडत नाही. ते भाजतं, कापतं, त्यात पू होतो, पू हाडापर्यंत जातो, हाड विरघळून आखूड होतं, आणि हे वीस-तीस वेळा घडतं.

आपल्याकडे बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं. तिथल्या खडकाळ जमिनीवर बधिर हातापायांच्या माणसांनी शेती केली. त्या श्रमाबद्दल आपण भरभरून बोलतो. पण कुदळीचा दांडा हाताला रुतत नसताना दिवसभर खोदायचं म्हणजे दर संध्याकाळी तळहात उजेडात धरून फोड शोधायचे, हा त्या श्रमाचा भाग सहसा कुणी सांगत नाही.

बधिर पायाला इजा होण्याच्या वाटा तीन. पहिली सर्वांना माहीत असते. खिळा, काच, बाभळीचा काटा, गरम पाणी, मोटारसायकलचा सायलेन्सर: एकच फटका, पण मोठा. दुसरी वाट शांत असते. घट्ट चपलेचा पट्टा करंगळीच्या बाजूला थोडासाच दाबतो, पण तिथल्या केशवाहिन्यांतला रक्तप्रवाह थांबायला तेवढं पुरतं. असं चार-सहा तास झालं की तेवढा तुकडा मरतो. शाबूत पायाचा माणूस या काळात पट्टा सैल करतो, पाय चपलेतून अर्धा बाहेर काढतो, बोटं हलवतो, आणि हे आपण केलं हे त्याला आठवतही नाही. खुर्चीत बूड हलवणं, झोपेत कूस बदलणं यामागेही हीच कुरकुर असते. आपल्याला जाणवणारं दुखणं फार थोडं. न जाणवता हालचाल करायला लावणारंच जास्त, आणि दिवसभर शरीर सांभाळतं तेच.

तिसरी वाट सगळ्यात जास्त पाय खाते: रोजचं साधं चालणं. एका पावलाने काही होत नाही. पण तीच जागा, तेवढाच दाब, दिवसाला हजारो वेळा. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या तळव्यांवर यंत्राने असा मध्यम दाब रोज हजारो वेळा देऊन पाहिला. काही दिवसांतच तळवे सुजले आणि मग फुटले. दाब तोच ठेवून फेऱ्या कमी केल्या आणि मध्ये विश्रांतीचे दिवस घातले, तेव्हा तळवे फुटण्याऐवजी जाड झाले. शाबूत पायाच्या माणसाला दहा किलोमीटर चालायला लावा आणि पावलांचे ठसे घ्या. शेवटच्या ठशांत भार पहिल्या ठशांपेक्षा वेगळ्या जागी पडलेला असतो. चवडा दुखू लागला म्हणून तो बाहेरच्या कडेवर झुकतो, पावलं आखूड टाकतो, शेवटी लंगडतो. बधिर पायाच्या माणसाचा पहिला आणि शेवटचा ठसा सारखाच असतो. लंगडणं हा आजार नाही, तो उपचार आहे, आणि हा उपचार या माणसाला मिळत नाही.

मग दुखण्याच्या जागी यंत्र बसवता येईल का? ब्रँड १९६६ नंतर अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात होते. तिथे त्यांनी हा प्रयत्न सरकारी अनुदानातून केला. हातमोज्यात आणि मोज्यात दाबमापक बसवले, दाब धोक्याच्या पातळीवर गेला की कानात आवाज व्हायचा. रुग्ण आवाज ऐकत आणि काम पुढे चालू ठेवत. मग दिवे लावून पाहिले, तरी तेच. शेवटी शरीराच्या शाबूत भागाला विजेचा सणसणीत झटका द्यायची सोय केली. झटका लागला की लोक थांबत खरे, पण घट्ट बसलेला स्क्रू फिरवायचाच असला की आधी यंत्र बंद करत, काम उरकत आणि यंत्र पुन्हा चालू करत. प्रकल्प गुंडाळावा लागला.

वेदनेचा अर्थ मला या फसलेल्या प्रयोगात सर्वांत स्पष्ट दिसतो. दुखणं ही नुसती बातमी असती, तर कानातल्या आवाजाने काम भागलं असतं. आपल्याला थांबवते ती दुखण्यातली सक्ती. त्याचं बटण आपल्या हातात नाही, म्हणूनच ते आपलं ऐकत नाही आणि आपल्याला त्याचं ऐकावं लागतं. २००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. मज्जातंतूंत इशारा पुढे नेणारी सोडियम वाहिनी घडवणाऱ्या एका जनुकातल्या बिघाडामुळे त्यातल्या मुलांना जन्मापासून वेदना माहीतच नव्हती. त्यातला एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा, निखाऱ्यांवरून चालायचा, हातातून सुरी आरपार घालायचा. चौदावं वर्ष लागण्याआधीच तो छपरावरून उडी मारून गेला. अक्कल त्याला होती, फक्त थांबवणारं कुणी नव्हतं. त्याच जातीच्या सोडियम वाहिन्यांवर नेम धरून वेदनाशामकं शोधली जात आहेत आणि त्यातलं एक औषध अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मंजूरही झालं. ते चांगलंच आहे, शस्त्रक्रियेनंतरची कळ कुणी विनाकारण का सोसावी?

आता कामाचं. ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण ज्यांच्या पायांना लागू होत नाही, त्यांनी काय करायचं?

आधी पाय बधिर आहे की नाही हे कळायला हवं. तो एका दिवसात बधिर होत नाही, म्हणून माणसाला स्वतःला सहसा सांगता येत नाही. घरी करता येणारी एक भरवशाची चाचणी आहे. त्या माणसाला निजवा, मोजे काढा, डोळे मिटायला सांगा. आपल्या तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या बोटाच्या टोकाला पिसासारखं हलकं टेकवा, एक ते दोन सेकंद. दाबू नका, टिचकी मारू नका, गुदगुल्या नकोत. स्पर्श कळला की त्याने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. एखाद्या बोटाला उत्तर आलं नाही तर पुन्हा हात लावून ‘आता कळलं का?’ विचारायचं नाही. सहांपैकी दोन किंवा अधिक चुकले, तर पाय धोक्यात आहेत असं धरून चालावं. दवाखान्यात हेच १० ग्रॅम भाराला वाकणाऱ्या नायलॉन धाग्याने आणि सेकंदाला १२८ कंपनांच्या नादकाट्याने तपासतात. धागा वाकेपर्यंत टेकवतात, पण घट्ट्यावर कधीच नाही, तिथे शाबूत पायालाही कमी कळतं. मधुमेह असेल तर ही तपासणी वर्षातून किमान एकदा झालीच पाहिजे. रक्तातल्या साखरेचा कागद बघून औषध लिहिलं आणि मोजे काढायला सांगितलंच नाही, तर आपण होऊन काढावेत.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर कापसाचा स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोगाचा समजून सरकारी आरोग्य केंद्रात दाखवावा. औषध मोफत मिळतं, सहा किंवा बारा महिन्यांचं. जंतू मरतात, पण गेलेली संवेदना त्याने परत येईलच असं नाही. नस बिघडून सहा महिन्यांच्या आत स्टिरॉइड सुरू झालं तर परत येण्याची आशा असते. म्हणून ‘चट्टा दुखत नाही ना, मग बघू नंतर’ हे वाक्य या रोगात सगळ्यात महाग पडतं.

पाय बधिर ठरला की सक्ती बाहेरून आणावी लागते, आणि ती इच्छाशक्तीवर सोडली की कारव्हिलचंच होतं. रोजची तपासणी एखाद्या न चुकणाऱ्या कामाला बांधावी. रात्रीची गोळी किंवा इन्शुलिन हे उत्तम निमित्त. चांगल्या उजेडात, पाच मिनिटं. आरसा जमिनीवर ठेवायचा, त्यावर तळवा धरायचा. टाच, चवड्याचा फुगवटा, अंगठ्याखालची जागा, बोटांची टोकं, मग एकेक बोट फाकवून मधली फट. बघायचं काय: फोड, लाली, चीर, ओल, पांढुरकं गळालेलं कातडं, घट्ट्याखाली काळा-जांभळा ठिपका. हा ठिपका म्हणजे आत झालेला रक्तस्राव असतो. वरून सगळं टणक आणि कोरडं दिसतं, खाली पोकळी भरत असते. मधुमेहात बऱ्याचदा नजरही अधू झालेली असते, त्यामुळे हे काम घरातल्या दुसऱ्या कुणी केलं तर बरं.

डोळ्यांनंतर हात. पंज्याची मागची बाजू दोन्ही तळव्यांच्या त्याच त्या जागांवर फिरवायची. एका पायाची जागा दुसऱ्यापेक्षा गरम लागली तर आत सूज सुरू झाली आहे. त्वचेचं तापमान मोजायचं यंत्र असेल तर हिशेब आणखी नेमका होतो: दोन्ही पायांच्या सारख्याच जागेत २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक लागोपाठ दोन दिवस दिसला, तर चालणं कमी करायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. फोड यायच्या कितीतरी आधी हा फरक दिसतो. हाताने आणलेल्या दुखण्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच.

पाण्याबद्दल दोन रोगांतला सल्ला वेगळा आहे आणि तिथे घोळ होतो. कुष्ठरोगात घामाच्या नसा गेल्याने कातडी कोरडी पडते, म्हणून पाय साध्या, न तापवलेल्या पाण्यात वीसेक मिनिटं बुडवायचे, खरखरीत दगडाने घट्टा हळू घासायचा, आणि ओल्या कातडीवरच तेल लावायचं म्हणजे पाणी आत राहतं. मधुमेहात रक्तपुरवठा कमी असू शकतो आणि भिजून मऊ झालेल्या कातडीतून जंतू शिरतात, म्हणून पाय भिजत ठेवू नयेत. धुवायचे, बोटांच्या फटी टिपून कोरड्या करायच्या, खोबरेल किंवा व्हॅसलीन तळव्याला आणि टाचेला लावायचं, फटींत नाही. पाणी ३७ अंशांच्या आतलं. ते पायाने तपासायचं नाही, कोपराने तपासायचं किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाताने. गरम पाण्याची पिशवी, शेकोटी आणि हीटर यांची पायांशी गाठ पडू द्यायची नाही.

भोवरी, कुरूप आणि घट्टा कापायला घरचं ब्लेड घेऊ नये. औषधी पट्ट्या लावू नयेत, त्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं. आणि बिब्बा! भेगांना आणि कुरपाला बिब्ब्याचा चटका देण्याची आपली जुनी रीत शाबूत पायाच्या माणसाने केली तर चटका असह्य झाल्यावर तो हात मागे घेतो. बधिर पायाचा माणूस घेत नाही. बिब्ब्याने झालेल्या खोल जखमा महिनोन् महिने चालतात.

पादत्राणाचं सांगायचं तर अंगठ्याची चप्पल बाद. ती पायात टिकवायला बोटं आवळावी लागतात, त्याने बोटांच्या टोकांवर आणि चवड्यावर भार वाढतो, आणि ती निसटली तरी कळत नाही. कोल्हापुरी दिसायला कितीही रुबाबदार असली, तरी तिचा ताठ चामड्याचा तळ आणि अंगठ्यात रुतणारा पट्टा या पायांसाठी नाहीत. हवा तो सँडल: मागे टाचेला पट्टा, वर वेल्क्रो, बाहेरून कडक तळ आणि आत मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या स्पंजासारख्या रबराचा १० ते १२ मिलिमीटर जाड थर. चिमटीत धरला की हे रबर निम्म्यापर्यंत दबून लगेच परत वर आलं पाहिजे. दबून राहिलं तर संपलं समजावं, साधारण सहा महिन्यांत ते संपतंच. तळ चिकटवलेला किंवा शिवलेला असावा. खिळे मारून दुरुस्ती करू द्यायची नाही, चांभाराला आधीच बजावावं. खरेदी संध्याकाळी करावी, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. आतली लांबी पायापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जास्त हवी. ‘बरोबर बसतंय’ या भावनेवर विश्वास ठेवू नये, बधिर पायाला घट्ट तेच बरोबर वाटतं. पहिल्या दिवशी अर्धा तास घालून काढायचं, लाल डाग शोधायचे. वीस मिनिटांनंतरही डाग विरला नाही तर ते पादत्राण चुकीचं आहे. आणि प्रत्येक वेळी पाय घालण्याआधी उलटं करून झटकायचं, आत हात फिरवायचा. खडा, बटण, मुलाच्या खेळण्यातलं चाक घेऊन माणसं दिवसभर चाललेली असतात.

अनवाणी चालण्याच्या नवसाचा विषय नाजूक आहे, पण टाळता येत नाही. नवरात्राचे नऊ दिवस अनवाणी, किंवा आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाट अनवाणी, हे शाबूत पायाने केलेलं तप आहे: तिथे दुखतं आणि ते सोसलं जातं. बधिर पायाने त्यात सोसण्यासारखं काही उरतच नाही, फक्त पाय जातो. वारीला जायचं असेल तर वर सांगितलेले सँडल, दोन जोड मोजे, तासा-दीड तासाला बसून पाय पाहणं आणि दुपारी डांबर तापलं की थांबणं, एवढं पाळावं. देवळात चप्पल चालत नसली तरी जाड सुती मोजे बहुतेक ठिकाणी चालतात. दर्शन सकाळी घ्यावं.

हातांची काळजी शेतावर आणि स्वयंपाकघरात घ्यायची. कढई सांडशीने धरायची आणि सांडशीलाही फडकं गुंडाळायचं. चहा स्टीलच्या पेल्यात घ्यायचा नाही, कानाच्या कपात घ्यायचा. विडी शेवटापर्यंत ओढायची नाही. विळ्याला, खुरप्याला रबरी नळीचा जाड थर चढवायचा, कारण बधिर हात गरजेच्या कितीतरी पट जोराने आवळतो आणि दांडा जितका बारीक तितका दाब एका रेषेत येतो. काम अर्ध्या तासाने बदलायचं.

इतकं करूनही जखम झालीच, तर मलम आणि अँटिबायोटिक यांच्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. पण तळव्याची जखम भरते ती भार काढल्यावर. रोज ड्रेसिंग करून रोज तिच्यावर चालणाऱ्याची जखम वर्षानुवर्षं राहते. यावर जुना आणि आजही सगळ्यात सरस उपाय म्हणजे पायाला सगळीकडून चिकटून बसणारं, गुडघ्याखालपर्यंतचं प्लास्टर. भार पोटरीवर आणि सगळ्या तळव्यावर वाटला जातो. पहिलं प्लास्टर दोन-तीन दिवसांत बदलतात, कारण सूज उतरून ते सैल होतं, पुढची साधारण आठवड्याने. बहुतेक साध्या जखमा सहा-आठ आठवड्यांत भरतात. रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा आत पू असेल तर हे करत नाहीत. काढता येणारे बूटही मिळतात आणि भार तेही जवळजवळ तेवढाच काढतात, तरी जखमा हळू भरतात. कारण साधं आहे: रात्री संडासला जाताना, शेजारी कुणी आलं तर उठताना, माणसं ते घालत नाहीत. दुखत नाही ना! काही डॉक्टर तोच बूट प्लास्टरच्या पट्टीने बांधून टाकतात, म्हणजे काढताच येत नाही, आणि मग जखमा प्लास्टरसारख्याच भरतात.

दुखण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे सगळं दुखण्याची आरती वाटेल. ज्या नसा मरतात त्याच मरताना खोटे इशारे देतात. रात्री तळव्यांची जळजळ, सुया टोचणं, चादरीचाही स्पर्श सहन न होणं. हा माणूस दुखून रडत असतो आणि त्याच पायात खिळा गेला तर त्याला कळत नाही. या दुखण्याला काही काम उरलेलं नाही, ते निमूटपणे सोसण्यात काहीही थोर नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत आणि मधुमेहींच्या मूत्रपिंडांना त्या वाईट. ड्युलोक्सेटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं डॉक्टर कमी मात्रेने सुरू करून वाढवतात, गुण यायला काही आठवडे लागतात. दोन दिवसांत सोडून ‘उपयोग नाही’ म्हणू नये. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल, त्यात आहार शाकाहारी असेल, तर ब-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावं, त्याच्या कमतरतेनेही अशीच जळजळ होते. जळजळीवर बर्फ लावू नये, बधिर पायाला बर्फही भाजतो.

आणि वर्षानुवर्षं जळणारे पाय औषधावाचून आपोआप शांत झाले, तर पेढे वाटण्याआधी बोटांची ती सहा स्पर्शांची चाचणी करावी. बऱ्याचदा नस बरी झालेली नसते, पुरती गेलेली असते.

एक प्रकार वेगळा लक्षात ठेवावा, कारण तो हमखास चुकतो. मधुमेहाच्या बधिर पायावर जखम नसताना एकच पाय अचानक सुजतो, लाल आणि गरम होतो, दुखतं नावापुरतं किंवा अजिबात नाही. त्याला मुरगळणं, युरिक ॲसिड किंवा जंतुसंसर्ग समजून औषधं दिली जातात आणि माणूस चालत राहतो. सुरुवातीचा एक्स-रे चांगला असू शकतो. आत मात्र पावलाची छोटी हाडं मोडून सरकत असतात, आणि चालत राहिलं तर काही आठवड्यांत पावलाची कमान कोसळून तळवा खालून फुगीर होतो. त्या फुगवट्यावर पुढे आयुष्यभर जखमा होतात. असा पाय दिसला की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो मोडलेला आहे असं धरायचं, त्याच दिवसापासून भार बंद करायचा, आणि प्लास्टर दोन्ही पायांच्या तापमानातला फरक दोन अंशांच्या आत येऊन तिथे टिकेपर्यंत ठेवायचं. त्याला सहसा काही महिने लागतात.